कोर्ट उठेपर्यंत

अपिलाची फाइल आली की सरकारी वकील म्हणून मी आधी निकालाचं शेवटचं पान उघडते. ‘आरोपीस न्यायालय उठेपर्यंत साधी कैद व रुपये 5,000 दंड.’ बेदरकारपणे टेंपो चालवून 22 वर्षांच्या मुलाचा जीव घेतल्याबद्दल.

न्यायालय उठेपर्यंत कैद म्हणजे तुरुंग नाही. न्यायाधीश आसनावरून उठेपर्यंत कोर्टातच बसायचं, दंड भरून पावती घ्यायची आणि घरी जायचं. इथे निकाल लागला सव्वाचारला. मुलाचे वडील मला म्हणाले, “बाई, बसायला दुसरी जागाच नव्हती. मागच्या बाकावर त्या टोकाला तो, ह्या टोकाला मी. साडेपाचला शिपायानं पंखे बंद केले, तसे दोघंही उठलो.”

त्यांना स्वतः अपील करायचं होतं. ते करता येत नाही हे सांगायची वेळ माझ्यावर आली. 2009च्या दुरुस्तीने पीडिताला अपिलाचा हक्क दिला, पण तो आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तरच. शिक्षा कमी झाली म्हणून अपील करायचं ते फक्त सरकारने, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 377 खाली. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तो सुटला असता तर मला वर जाता आलं असतं. त्याला शिक्षा झाली, यात माझं काय चुकलं?” याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

आणि सरकार तरी कसं येतं? मुदत 30 दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, एवढाच दिलासा. त्यात कोर्टातल्या सहायक अभियोक्त्याचं मत, मग अभियोग संचालनालय, मग विधी व न्याय विभाग, मग मंजुरी. प्रत्येक टेबलावर फाइल आठवडाभर पडली तरी मुदत गेलीच. आमचं अपील 112 दिवस उशिरा दाखल झालं. विलंबमाफीच्या अर्जात ‘प्रशासकीय प्रक्रिया’ हे शब्द लिहिताना मला दर वेळी लाज वाटते.

निकालपत्र वाचताना सुरुवातीला मी त्या न्यायाधीशांवर चिडले होते. आरोपी एकटा कमावता, पहिलाच गुन्हा, लहान मुलं, यावर अर्धं पान. मुलाचं नाव तीनदा, तिन्ही वेळा ‘मयत’ लावून. मग रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामकाजाची नोंद, पाहिला. शिक्षेच्या मुद्द्यावर सरकारपक्षाचं एकच वाक्य होतं, ‘जास्तीत जास्त शिक्षा व्हावी.’ मुलगा कोण, घरी कोण, कोणाच्या पगारावर चूल पेटायची, यातलं काहीच कोणी कागदावर आणलं नव्हतं. न्यायाधीशांनी लिहायचं तरी कशावरून? खालच्या कोर्टात असताना, बोर्डावर चाळीस प्रकरणं असली की मीही तेच एक वाक्य बोलून बसायचे. किती निकालपत्रांत माझं ते वाक्य असेल, हा विचार आता पाठ सोडत नाही.

शिक्षावाढीच्या अपिलात एक धोका असतो. नोटीस मिळालेला आरोपी त्याच अपिलात ‘मला निर्दोषच सोडा’ म्हणू शकतो. ह्याने दंड भरून विषय संपवला होता. आम्ही अपील केलं आणि तो दरवाजा उघडला.

सुनावणीच्या दिवशी तासभर मी शिक्षेबद्दल बोललेच नाही, दोषसिद्धी वाचवत राहिले. पंपावरच्या साक्षीदाराने टेंपो ‘भरधाव’ होता एवढंच सांगितलं होतं. नुसता वेग म्हणजे बेदरकारपणा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1998 सालीच सांगितलेलं. बचावाचा हा मुद्दा बरोबर होता. मला वाचवलं पंचनाम्याने. लिहिणाऱ्या हवालदाराने फूटपट्टीने आखल्यासारखं काम केलं होतं. टायर घासल्याची खूण 11 मीटर, मधला पांढरा पट्टा ओलांडून पलीकडे गेलेली. मुलाची मोटारसायकल डांबरी रस्त्याच्या बाहेर, स्वतःच्या डाव्या साइडपट्टीवर. काचेचा चुरा तिथेच. मुलगा रस्त्यावरसुद्धा नव्हता. मी नकाशा न्यायाधीशांसमोर धरला आणि त्या खुणेवरून बोट फिरवलं. त्या हवालदाराचे आभार मानायचे राहून गेले.

मग बचावाच्या वकिलांनी ठेवणीतला मुद्दा काढला. घरच्यांना अपघात दाव्यात भरपाई मिळाली आहे, आता तुरुंग कशाला? पुरावा म्हणून त्यांनी न्यायाधिकरणाच्या निवाड्याची प्रमाणित नक्कलच दाखल केली. मी ती मागून घेतली. भरपाईचा हिशेब करायचा म्हणून त्यात सगळं होतं. मुलाचं वय, कारखान्यातला पगार, अवलंबून असलेले आई, वडील आणि धाकटी बहीण. जे खालच्या कोर्टात कोणी आणलं नाही, ते त्यांनीच आणून दिलं. मी ते उभ्यानेच वाचून दाखवलं. वर 2015चा निकाल ठेवला. दोन मृत्यूंच्या प्रकरणात 85,000 रुपये भरपाई पाहून उच्च न्यायालयाने शिक्षा 24 दिवसांवर आणली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांवर नेली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. दोषसिद्धी कायम, तीन महिने कैद. जुन्या कायद्यात कमाल दोन वर्षं होती. 1 जुलै 2024 पासूनच्या अपघातांना पाचपर्यंत आहे. मी एक वर्ष मागितलं होतं. आरोपीच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, मला नजर वळवावी लागली.

बाबांनी तीन महिन्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. नक्कल मिळाल्यावर म्हणाले, “त्याच्याबद्दल कुठं लिहिलंय, ते दाखवा.” पान 14 वर पाच ओळी होत्या. नाव, वय, काम, घरची माणसं. मी वाचून दाखवल्या. त्यांनी परत वाचायला लावल्या. मग पूर्ण निकालपत्र माझ्या हातात ठेवून, त्या एका पानाची झेरॉक्स काढायला ते जिन्याकडे गेले.