हातांची गाठ: खेळ सोपा, घोळ नेमका कुठे होतो?

आठ किंवा दहा जण, संख्या समच हवी. खांद्याला खांदा लावून गोल करा. आधी सगळ्यांनी उजवा हात पुढे करून समोरच्या कुणाचा तरी उजवा हात धरायचा, मग डावा हात दुसऱ्याच कुणाच्या डाव्या हातात द्यायचा. शेजाऱ्याचा हात चालत नाही. आता हात न सोडता गाठ सोडवा. पकड सैल ठेवा, मनगट फिरू द्या. घट्ट धरलं की मनगट मुरगळतं.

बाराच्या वर माणसं घेतली की मधल्यांनाच काही दिसतं, कडेचे नुसते उभे. दोन गट करा.

सुरुवातीलाच एकाने उजवा हात दाबावा. ज्याचा दाबला गेला त्याने आपला दुसरा दाबावा. सगळ्यांकडे न जाता दाब परत आला, तर हातांची कडी एकच नाही, वेगवेगळ्या दोन-तीन आहेत. कधी गाठ सुटतच नाही. मग धरलेल्या हातांची एक जोडी सोडून पुन्हा धरायला द्या. कुणाची तोंडं बाहेर वळली तरी चालतं.

हात धरायला संकोच वाटत असेल तर मध्ये रुमाल धरा. मोठ्या आवाजाचा एकजणच हुकूम सोडू लागला, की त्याला पाच मिनिटं गप्प बसवा. खरी गंमत तिथून पुढे! गप्प मंडळी बोलू लागतात.