एक डेस्कटॉप, चार जण आणि न उघडणारा करार

वसमतकडच्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात एक डेस्कटॉप आहे आणि एक लॅपटॉप. डेस्कटॉपवर मी हिशोब बघतो, ताई सभासदांच्या नोंदी करतात, हळदीच्या हंगामात काट्यावरचा पोरगा पावत्या काढतो. लॅपटॉप आमच्या क्षेत्र समन्वयकासोबत औंढा, कळमनुरीकडच्या गावांत फिरतो. दोन्हींवर विंडोजचं लॉगिन एकच, आणि त्याचा पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून मॉनिटरला लावलेला. आत काय? सभासदांचे आधार, सातबारा, आठ-अ, पासबुकाच्या झेरॉक्स.

त्याकडे कुणी बघितलंही नसतं, पण हंगामाच्या तोंडावर एका खरेदीदाराकडून करार आला. साधी वर्ड फाईल. दर, कुरकुमिनचं (हळदीतल्या पिवळ्या घटकाचं) प्रमाण, ओलावा, पॉलिशच्या अटी. पण तिला मायक्रोसॉफ्टचं संरक्षण लावलेलं होतं. यादीत ज्यांचे मेल आयडी आहेत त्यांनाच ती उघडणार, तीही फक्त वाचायला. प्रिंट नाही, कॉपी नाही. माझ्याकडे उघडली. अध्यक्षांनी ती पेनड्राइव्हवर घरी नेली आणि रात्री फोन आला, "ओ सर, फाईल उघडंना की हो. पासवर्ड तरी सांगा."

पासवर्ड नव्हताच. अशी फाईल उघडताना वर्ड आधी नेटवर विचारतं की हा माणूस कोण, आणि यादीत नाव सापडलं तर त्या खात्यापुरता परवाना आणून त्या संगणकावर ठेवतं. पेनड्राइव्हवर जाते ती नुसती कुलूप लागलेली फाईल. किल्ली माणसाच्या खात्याला बांधलेली. अध्यक्षांचं नाव यादीत घालायला खरेदीदाराला मेल केला. "सोमवारी करतो" असं उत्तर आलं. कोणता सोमवार ते लिहिलं नव्हतं.

मला खरी काळजी उलट्या बाजूची वाटली. आमच्या डेस्कटॉपवर ती फाईल सगळ्यांना उघडत होती. लॉगिन सामायिक, वर्डमध्ये माझं खातं चालू, म्हणजे खुर्चीवर बसेल तो मीच. काट्यावरच्या पोराला कराराचा दर वाचता येत होता, आणि तिकडे खरेदीदाराच्या नोंदीत नाव माझं पडत असणार.

म्हणून आधी प्रत्येकाला विंडोजचं वेगळं लॉगिन दिलं. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', मग 'अदर युजर्स'. मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायही युजर करता येतो. सगळे 'स्टँडर्ड' म्हणजे साधे, संगणकाच्या सगळ्या सेटिंग्ज बदलू शकणारा 'अॅडमिनिस्ट्रेटर' एकच, आणि तो रोजच्या कामाला कुणीच वापरायचा नाही, मीसुद्धा. ताई वैतागल्या. "काय करायलाव सर, दर वेळी लॉगआउट करा, लॉगिन करा!" मग विंडोज आणि एल ही बटणं सोबत दाबून 'स्विच युजर' कसं करायचं ते दाखवलं. आपलं काम तसंच उघडं राहतं म्हटल्यावर कुरकुर थांबली.

सभासदांच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'सिक्युरिटी'मध्ये वरच्या फोल्डरकडून आपोआप आलेल्या परवानग्या तोडल्या, 'युजर्स' हा सगळ्यांचा गट काढला, ताईंना लिहायचा आणि मला वाचायचा हक्क दिला. 'डिनाय'च्या, म्हणजे मनाईच्या, खुणांना हात लावला नाही; एक माणूस दोन गटांत असला की त्या कुठे आडव्या येतील सांगता येत नाही. एक गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच ड्राइव्हवर फाईल कट-पेस्ट केली तर ती जुन्याच परवानग्या घेऊन येते, कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या लागू होतात. आणि साध्या पेनड्राइव्हवर, म्हणजे फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्यावर, या परवानग्या टिकतच नाहीत. त्यामुळे सभासदांची कागदपत्रं पेनड्राइव्हवर न्यायची नाहीत, हा नियम तोंडीच करावा लागला.

लॅपटॉपला एवढं पुरत नाही. तो एसटीत राहिला आणि कुणी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर फोल्डरच्या परवानग्या कोण विचारतो? त्यासाठी बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय हवी, आणि ते विंडोजच्या होम आवृत्तीत पूर्ण मिळत नाही. प्रो घ्यायला संचालकांना पटवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम. शेवटी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पुढे केला तेव्हा खर्च मंजूर झाला. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे अडलं तर डिस्क उघडायची किल्ली, कागदावर छापून तिजोरीत ठेवली आहे; लॅपटॉपच्या पिशवीत नाही.

डोंगरातल्या गावांत रेंज नसते आणि समन्वयकाला ओलाव्याच्या अटी तिथेच दाखवायच्या असतात. मायक्रोसॉफ्टचा हा परवाना एरवी ३० दिवस चालतो, पण फाईल पाठवणारा तो कमी करू शकतो, ऑफलाइन वाचन पूर्ण बंदही करू शकतो. आमच्या खरेदीदाराने सात दिवस ठेवले आहेत. म्हणून समन्वयक निघायच्या आधी ऑफिसच्या वाय-फायवर, स्वतःच्या लॉगिनमधून, वर्डमधल्या स्वतःच्या खात्याने फाईल एकदा उघडतो. माझ्या लॉगिनमध्ये उघडून उपयोग नाही, त्याचा परवाना येत नाही.

सात दिवस मला आधी जाचक वाटले. मग हंगामाच्या मध्येच एक जण काम सोडून गेला. खरेदीदाराने यादीतून नाव काढलं, तरी त्याच्याकडचा जुना परवाना संपेपर्यंत फाईल नेटशिवाय उघडू शकत होती. तीस दिवस असते तर महिनाभर दर त्याच्या हातात राहिला असता. अर्थात त्याआधीच मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढला असेल, तर त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

अध्यक्षांचं नाव आता यादीत आलं आहे. ते करार स्वतःच्या लॉगिनने उघडतात आणि प्रिंट का निघत नाही ते दर वेळी विचारतात. सभासदांकडून आम्ही आता मास्क केलेलं, शेवटचे चारच अंक दिसणारं आधार मागतो. बहुतेक जण तरीही पूर्ण आधारचा फोटो ताईंच्या व्हॉट्सअॅपवर टाकतात, आणि तो फोन घरी लेकरांच्या हातात असतो. त्याचं काय करायचं ते पुढच्या बैठकीत ठरवायचं आहे.