तुम्ही विचारलंत म्हणून: अजून आर्टिस्ट व्हिलेजमध्येच का?

"अजून बेलापूरलाच? खारघरला टॉवरमध्ये छान फ्लॅट मिळेल की!" दादा विचारतो, ऑफिसातले विचारतात, दिवाळीला आलेली आत्याही विचारते. एकदाच काय ते नीट सांगते.

घर जुनं आहे, पावसाळ्यात भिंती ओल धरतात. क्लब हाऊस नाही, स्विमिंग पूल नाही, गेटवर वॉचमन नाही. हे मला ठाऊक आहे, पुन्हा मोजून दाखवू नका. पण सोयी म्हटलं की तुम्ही ब्रोशरमधल्याच का धरता? वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, ही आर्टिस्ट व्हिलेज वसाहत आखली, तेव्हा सात घरांमध्ये मिळून एक चौक ठेवला, साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचा. असे तीन गट मिळून आणखी मोठा चौक. एका घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला लागू दिली नाही, म्हणजे ऐपत येईल तसं ज्याला त्याला घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलंही, मूळचं उतरत्या छपराचं घर आता शोधावं लागतं. मात्र प्रत्येक दारात गाडी उभी राहील, हे त्या आखणीत नव्हतं. माझं उत्तर अडकतं ते इथेच.

बाबांना पहाटे स्ट्रोक आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. अ‍ॅम्ब्युलन्स लवकर आली, पण गल्लीच्या वळणापर्यंतच. चौकाच्या तोंडाशी एक गाडी आडवी, तिच्यामागे दुसरी. स्ट्रेचर मधून निघेना. मी दारातून ओरडत होते, गाडी काढा, गाडी काढा! सगळी दारं उघडली. ज्यांची गाडी तोंडाशी होती ते काका बनियनवरच धावत आले, पण हात इतके थरथरत होते की किल्ली लागेना. ती तशीच टाकून त्यांनी आमची प्लास्टिकची खुर्ची ओढली. बाबांना चादरीने खुर्चीला बांधलं आणि चौघांनी ती खांद्याइतकी उंच धरून गाड्यांच्या फटीतून पलीकडे नेली. बाबांची मान एका बाजूला कलत होती, ती काकांनी शेवटपर्यंत सावरून धरली.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही त्या वेळेत पोचलो. पण जितका उशीर तितकं मेंदूचं नुकसान, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. बाबा आता वॉकरने चालतात. बोलणं बरंचसं गेलं. चौकाच्या तोंडाशी गेलेल्या त्या वेळेत किती शब्द गेले, हे मला कोणीच सांगू शकत नाही. दादा म्हणतो, टॉवरमध्ये असता तर लिफ्टने थेट गाडीपर्यंत. बरोबर आहे त्याचं.

पण बाबा आज कुणाची वाट न बघता दारातून चौकात जातात, लिफ्ट नाही, जिना नाही. त्यांचं अर्धं वाक्य तिथल्या पोरांना कळतं आणि उरलेलं ती थांबून ऐकतात. नव्या ठिकाणी हे मी कुठून आणू? पंचविशीत मला इथून पळायचं होतं. मी किती वाजता आले हे अख्ख्या चौकाला कळायचं, त्याची चीड यायची. ती चीड खोटी नव्हती. आजही खिडकी उघडी ठेवून घरातलं काही मोठ्याने बोलता येत नाही.

काकांवरचा राग अजून गेलेला नाही. संध्याकाळी ते बाबांशेजारी येऊन बसतात, तेव्हा चहा मीच नेऊन देते. त्यांनी तरी गाडी लावायची कुठे, याला माझ्याकडेही उत्तर नाही.

तोंडाशी गाडी लावायची नाही, एवढं आता सगळ्यांनी कबूल केलंय आणि बहुतेक पाळतातही. गणपतीत पाहुण्यांच्या गाड्या येतात तेव्हा मी भांडते, यापुढेही भांडेन. हे पाळणं बंद झालं तर बाबांना घेऊन निघेन, असं दादाला सांगितलंय. तो म्हणतो, तोवर थांबायचंच कशाला?