पहिल्या वर्षाचा छोटा वर्ग

आमच्या महाविद्यालयात कला शाखेच्या पहिल्या वर्षाच्या तुकडीत १२० विद्यार्थी असतात आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कधी कधी ९ उरतात. ज्याला एव्हाना स्वतःचे स्वतः वाचता येऊ लागले आहे, त्याला शिक्षक जवळून मिळतो. आणि साक्री किंवा शिंदखेडा तालुक्यातून सकाळची एस.टी. पकडून प्रथमच धुळ्याच्या वर्गात येऊन बसलेले मूल मात्र हजेरीपटावरचा एक क्रमांक होऊन अख्खे वर्ष काढते. मी इतिहास शिकवतो, आणि हा क्रम उलटा आहे असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाची १४ मुले-मुली घेऊन, दर शनिवारी दोन तास, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एकाच विषयावर बसण्याचा प्रयोग केला. त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आपल्याकडे ‘सेमिनार’ म्हटले की फलक, व्यासपीठ, शाल-श्रीफळ आणि शेवटी प्रमाणपत्र असे चित्र डोळ्यांपुढे येते. मूळ शब्द लॅटिनमधला असून त्याचा अर्थ रोपवाटिका असा होतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके मोजक्या विद्यार्थ्यांना जवळ बसवून मूळ कागदपत्रे तपासायला शिकवत, आणि पुढे ती रीत अमेरिकेतील विद्यापीठांनी उचलली. परंतु ती बराच काळ वरच्या वर्गांपुरती राहिली. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यालाच असा वर्ग द्यावा, हा विचार हार्वर्डमध्ये १९५९ साली अमलात आला आणि त्यामागे पोलरॉइड कॅमेऱ्याचे निर्माते एडविन लँड यांचे अर्थसाहाय्य होते. लँड यांनी स्वतः हार्वर्डमधील शिक्षण अर्ध्यावर सोडले होते. पहिल्याच वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे काही शोधण्याचे काम मिळाले पाहिजे, असे ते आग्रहाने मांडत असत. तेथील या वर्गात साधारण बारा विद्यार्थी असतात आणि नेहमीच्या श्रेणी दिल्या जात नाहीत. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटली, म्हणून मीही गुण ठेवले नाहीत.

विषय निवडताना मी दूर गेलो नाही. पिंपळनेरच्या बाजूने उगम पावून धुळ्यातून वाहत तापीला मिळणाऱ्या पांझरेवर काही शतकांपासून फड पद्धतीने सिंचन होत आले आहे. नदीवर बंधारा, तेथून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे फड, आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, अशी ही गावाने चालवलेली व्यवस्था आहे. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत जे लिहिलेले सापडले त्यातली थोडी पाने मी दर आठवड्याला वाचायला देत असे, आणि प्रत्येकाने येताना एक प्रश्न लिहून आणावा एवढीच अट होती.

पहिले तीन शनिवार जवळजवळ शांततेत गेले. मी प्रश्न विचारावा, मुलांनी वहीत पाहावे आणि अखेर मीच उत्तर द्यावे, असे चालले होते. तयारी कमी पडते आहे असे मी समजत होतो. चौथ्या शनिवारी, पाणी कमी पडले तर कोणाचे शेत आधी भिजते, असे विचारल्यावर साक्रीकडचा एक मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, “आम्हना आबा पाटकरी व्हतात, सर.” आणि लगेच थांबला, कारण अहिराणी तोंडातून निघून गेल्याचे त्याच्या लक्षात आले होते. मी त्याला तसेच पुढे सांगायला सांगितले. मग त्याने जे सांगितले ते आम्ही वाचलेल्या पानांपेक्षा कितीतरी स्पष्ट होते: शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचे नसते, ते पाटकऱ्याने द्यायचे, आणि टंचाईच्या वर्षी कोणा एकाचे शेत न वगळता अख्खा एखादा फडच पडीक ठेवायचा, म्हणजे प्रत्येकाची थोडी थोडी जमीन कोरडी राहते आणि तोटा सर्वांना सारखा वाटला जातो. एका मुलीने त्यावर विचारले की, ज्याची जमीन त्या एकाच फडात असेल त्याने काय करायचे? याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पुढचे दोन शनिवार आम्ही त्याच प्रश्नामागे होतो.

त्या दिवसापासून खोलीतली भाषा मोकळी झाली. बोलणे अहिराणीत, टिपण प्रमाण मराठीत, अशी वाटणी मुलांनी आपोआप करून घेतली. एकशे वीस जणांच्या वर्गात हे घडू शकले नसते, कारण तेथे चुकीचे बोलण्याची भीती एकशे एकोणीस जणांसमोरची असते.

एका शनिवारी सर्वांना राजवाडे संशोधन मंडळात नेले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि १९२७ मध्ये येथे हे मंडळ उभे राहिले, हे मुलांना पाठ होते. मोडीतला कागद मात्र त्यांतील एकानेही पाहिलेला नव्हता. तो पाहिल्यावर, पुस्तकातले वाक्य कोठून येते हा प्रश्न मला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

अडचणी खऱ्या आहेत. १२० विद्यार्थ्यांचे पंधरा-पंधराचे गट केले तर आठ होतात, आणि आठ शिक्षक आणायचे कोठून? माझे शनिवारचे तास कार्यभारात धरले गेले नाहीत, आणि ते धरले जावेत असे मी लेखी कळवूनही उत्तर आले नाही. जिची शेवटची बस चार वाजता सुटते अशी एक चांगली विद्यार्थिनी दोन महिन्यांनी येईनाशी झाली. तिच्यासाठी वेळ आधीची ठेवायला हवी होती, हे मला उशिरा सुचले, आणि त्याची खंत वाटते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पहिल्या वर्षाच्या विषयांची मांडणी बदलली, नवे विषय आले, परंतु वर्गाचा आकार होता तसाच राहिला. माझ्या मते आधी बदलायला हवा होता तो आकार.

यंदा भूगोलाच्या आणि मराठीच्या सहकाऱ्यांनी एकेक गट घ्यायचे मान्य केले आहे, म्हणजे ४२ मुले होतील. वेळ सकाळी साडेदहाची ठेवली आहे. मराठीचा गट अहिराणीतल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करणार आहे, आणि माझा गट त्या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करील: ज्याची सगळी जमीन एकाच फडात आहे, त्याचे काय?