किल्ट, बुलेट आणि आरे-वारेचा वारा

किल्ट घालून बाइक चालवणं तसं काही कठीण नाही, कठीण आहे ते बाइकवर बसणं. बुलेट साइड स्टँडवर डावीकडे कललेली असते, आपण हँडल धरून उजवा पाय मागून फिरवून पलीकडे टाकतो, हे आपण रोज इतक्या सवयीने करतो की पाय नक्की किती वर जातो ह्याचा कधी विचारच करत नाही. किल्टमधे, म्हणजे स्कॉटलंडमधले पुरुष घालतात त्या गुडघ्यापर्यंतच्या चुण्यांच्या घागऱ्यात, तो विचार करायला लागतो. आणि मागे कोण उभं आहे तेही बघायला लागतं. आमच्या बाबतीत मागे शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांनी तांब्या तिथेच ठेवला आणि आत गेल्या, नंतर खिडकीत दिसल्या.

तर हा किल्ट माझ्या मावसभावाचा. तो स्कॉटलंडमधे ॲबर्डीनला असतो, समुद्रातल्या तेलाच्या कामावर. जानेवारीत रजेवर आला तेव्हा तिकडे कुणाच्या लग्नात घातलेला किल्ट बॅगेत टाकून घेऊन आला, आणि पहिल्याच रात्री जेवताना म्हणाला की तुझ्यात दम असेल तर हा घालून बुलेटवर गणपतीपुळ्याला चल. कमरेला चामड्याचे पट्टे आणि बकल असतात त्यामुळे मापाचं निमित्त पण सांगता येईना. बरं तो स्वतः मागे बसणार जीन्स घालून! थंडीच्या देशात राहून हुशार झालाय.

आधी ही वस्तू काय असते ते सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पुढून सपाट, एकावर एक दोन पदर. मागे सगळ्या चुण्या, कमरेपासून ढुंगणापर्यंत शिवून घट्ट बसवलेल्या आणि खाली मोकळ्या. वरचा पदर डावीकडून उजवीकडे येतो आणि उजव्या कमरेवर बकलने बंद होतो, त्याची कड खालपर्यंत सुटीच असते, झालर लावलेली. ही उजवीकडची सुटी कड लक्षात ठेवा. पारंपरिक किल्टला आठ वार लोकरीचं कापड लागतं, म्हणजे दुप्पट पन्ह्याचं चार वार घेऊन उभं फाडायचं आणि दोन पट्टे एकापुढे एक जोडायचे. वजन म्हणाल तर पावणेदोन-दोन किलो सहज.

आमची आजी ऐंशीच्या पुढची, अजून नऊवारी नेसते. तिने चष्मा लावून किल्ट उलटा-पालटा करून बघितला, चुण्या बोटाने मोजल्या, शिवण छान आहे म्हणाली, मग विचारलं, "कापड किती?" आठ वार म्हटल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आठ वार गुंडाळून मांड्या उघड्या? आणखी एक वार घ्यायचं होतं नि काष्टा मारायचा होता." तिचं म्हणणं अगदी टेक्निकली बरोबर आहे हो. नऊवारीच्या काष्ट्यामुळे दोन पाय दोन बाजूंना टाकून बसता येतं, ती स्वतः आजोबांच्या राजदूतवर एका बाजूला कधीच बसली नाही, दोन्हीकडे पाय टाकून लांज्यापर्यंत जायची. गुढीपाडव्याला गिरगावात, डोंबिवलीत बायका नऊवारी नेसून बुलेट चालवतात त्याचे फोटो आपण दरवर्षी लाइक करतो, ते फोटो काष्ट्याच्या जिवावर आहेत. किल्ट हा चालणाऱ्या माणसाचा कपडा. डोंगर चढा, ओढे ओलांडा, उभं राहून बॅगपाइप वाजवा, सगळं करा. फक्त टाकीला गुडघे लावून बसू नका, कारण बसलात की पुढचा पदर सरकत सरकत मांडीवर येतो आणि तिथेच मुक्काम करतो. आत सायकलिंगची काळी शॉर्ट होती हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. आत काहीच न घालण्याच्या सैन्यातल्या जुन्या गोष्टी काहीही असोत, हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, तिथल्या डान्सच्या स्पर्धांमधे पण आत घालावंच लागतं.

आता वारा. रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळे पंचवीसेक किलोमीटर, उत्तरेला तोंड, समुद्र डाव्या हाताला. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, पेपरात आकृती काढून मार्क घेतले होते, पण ते अंगावर कळले ह्या दिवशी. जानेवारीची सकाळ म्हणजे मतलई, जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे आमच्या उजवीकडून. सुटी कड कुठे? उजवीकडे. म्हटलं ठीक आहे, येताना समुद्रावरून खारा वारा असेल तो दुसऱ्या बाजूने लागेल. पण येताना आपलं तोंड दक्षिणेला, समुद्र उजव्या हाताला! म्हणजे जाताना मतलई उजवीकडून, येताना खारा उजवीकडून, आणि आपण डावीकडून गाडी चालवणारा देश असल्यामुळे समोरून येणाऱ्या चिऱ्याच्या ट्रकचा झोत पण उजवीकडूनच. बाकी कुठल्याही मुलखात ह्या कपड्याला निदान अर्धा रस्ता तरी सुटका मिळत असेल.

पहिला ट्रक शिरगावच्या पुढे आला. पदर पावसाळ्यातली छत्री उलटी होते तसा फाडकन उलटला आणि थेट हेल्मेटच्या काचेवर. एक हात क्लचवर, एक हात ॲक्सिलरेटरवर, आता पदराला तिसरा हात कुठून आणायचा? ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. तो ट्रकवाला पुढे जाऊन थांबला हो, आरशात बघत होता.

ह्यासाठी त्या लोकांकडे स्पोरन असतो, कमरेला साखळीने पुढे लटकवायची चामड्याची थैली, तिच्या वजनाने पदर दबतो. त्यात आम्ही मोबाइल, किल्ल्या आणि घरातली होती नव्हती तेवढी चिल्लर भरली. पिन पण असते एक मोठी, खालच्या कोपऱ्यात, पण ती फक्त वरच्या पदराला लावायची असते, दोन्ही पदरांतून टोचलीत तर ताण पडून लोकर फाटते. म्हणजे जी पिन उपयोगी पडेल असं वाटतं ती नुसती शोभेची.

मागच्या चुण्यांचं मात्र बरं होतं, त्या मावसभाऊ स्वतःच्या मांडीखाली दाबून बसला होता. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं काहीतरी पाहिजेच, तेच ते आपलं साडी गार्ड. मागे बसणाऱ्याची एवढी काळजी. चालवणारा आठ वार नेसून येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार.

मावसभाऊ मागून कानात ओरडून इतिहास सांगत होता. १७४६ मधे कायदा करून हायलँडच्या लोकांना हा पोशाख घालायला बंदी केली, बंडखोरांचा कपडा म्हणून, फौजेतल्यांना तेवढी सूट होती, १७८२ ला बंदी उठली, आणि १८२२ मधे इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज स्वतःच किल्ट घालून एडिंबराला मिरवला. तो मागे इतिहास सांगतोय आणि मी पुढे भूगोल सांभाळतोय.

नागरिकशास्त्र नाक्यावर भेटलं. हवालदारांनी हात केला, लायसन बघितलं, पीयूसी बघितलं, हेल्मेट होतंच, मग बराच वेळ खाली बघत राहिले. शेवटी म्हणाले, "कुठच्या बँडात?" त्यांची चूक नाही, सव्वीस जानेवारी जवळ आलेली आणि बॅगपाइपवाला बँड परेडमधे सगळ्यांनी बघितलेला. नाही म्हटल्यावर त्यांना पुढे काय लिहावं सुचेना. २०१९ च्या सप्टेंबरमधे नवीन दंड आले तेव्हा लुंगी-बनियनवर गाडी चालवली तर चलन फाटतं अशी अफवा उठली होती आणि गडकरींच्या ऑफिसला ट्वीट करून सांगावं लागलं होतं की असा काही दंड नाही. मी तेच सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "दंड नाही ओ, पण पडलात तर जांभ्यावर गुडघ्याचं काय होईल?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. उघड्या पायाने बुलेट चालवू नये, सायलेन्सरवर पोटरी टेकली तर वेगळंच, त्याला निदान ते गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे मोजे असतात.

पेट्रोल पंपावर तर सभाच भरली. एकाने विचारलं शिमगा लवकर आला काय, दुसरा म्हणाला गप रे फॉरेनचं आहे ते. आणि हवा भरणारा पोरगा नळी हातात घेऊन माझ्याकडे बघून अगदी गंभीर चेहऱ्याने, "काका, हवा बघू?" पूर्ण पंप हसला. मी पण हसलो, काय करणार.

पण मला वाटलं होतं तेवढी चेष्टा काही झाली नाही. कोकणात माणूस आधी हसत नाही, आधी सल्ला देतो. गणपतीपुळ्याला बाहेरूनच हात जोडले, कोकम सरबत प्यायलो आणि परत निघालो तर आरेच्या पुलाजवळ एक खारवी आजोबा पाग, म्हणजे हाताने फेकायचं मासे पकडायचं जाळं, टाकत होते. माझा पदर उडताना त्यांनी लांबून बघितला असणार. हाताने थांबवलं, गाडीजवळ आले, पदराची कड दोन बोटांत धरून चाचपली. मग आपल्या पागाचा काठ दाखवला, ओला, वाळू चिकटलेला, वितीच्या आत शिशाचे मणी ओवलेले. "ह्यां शिसां नसतां तर पाग पान्यार तरंगत र्‍हायला असता. तुज्या ह्येला लाव." आणि पिशवीतून मूठभर जुने मणी काढून दिले, पैसे घेतले नाहीत. मावसभाऊ म्हणाला एवढ्या वर्षांत स्कॉटलंडमधे हे कुणी सुचवलं नाही.

आजीने त्याच रात्री कडेला आतून पट्टी घातली आणि शिसं ओवून टीप मारली. दुसऱ्या दिवशी भाट्याच्या पुलावर ट्रायल घेतली आणि खरंच, पदर हलला नाही. फक्त खड्डा आला की शिसं टाकीवर आपटायचं, टण्ण. स्पीडब्रेकर आला की टण्णटण्ण. पावसला जाऊन येईपर्यंत टाकीच्या उजव्या बाजूचा काळा रंग बारीक बारीक उडाला होता.

गॅरेजवाल्याने त्यावर बोट फिरवलं, हे कशाने झालं विचारलं, मी पागाच्या शिशाने म्हटलं, त्याने पुढे काही विचारलं नाही. टाकी पूर्ण उतरवून रंगवायचे किती ते सांगितलं. मी जरा कमी होतंय का विचारलं तर म्हणाला, "दादा, तेवढ्यात दोन पँट शिवून होतील."