तुम्ही विचारलंत म्हणून: बुंदीला मी कुणाच्या हातात का देत नाही

"एवढी तुमच्या हातावर बसून खाते, मग आमच्या पोरांच्या हातात दोन मिनिटं द्यायला काय हरकत आहे?" सोसायटीतल्या आयांनी विचारून झालंय, नातेवाइकांनी विचारून झालंय, काल इस्त्रीवाल्या दादांनीही विचारलं. दर वेळी मी "झोपलीय हो ती" म्हणून वेळ मारून नेते. ते खोटं नसतं. बुंदी माझी सोनेरी हॅमस्टर, उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, आणि हॅमस्टर दिवसभर झोपतोच. पण खरं उत्तर मोठं आहे आणि जिन्यात उभ्या उभ्या देता येत नाही.

बुंदी माणसांना सरावलेली नाही. ती माझ्या हाताच्या वासाला सरावली आहे. हॅमस्टरची नजर अधू असते, उंचीचा अंदाज तर जवळपास येतच नाही. टेबलाच्या कडेवरून तो सरळ पुढे पाऊल टाकतो. जग ओळखायचं ते नाकाने. मी लसूण सोलून तशीच गेले तर बुंदी मलाही ओळखत नाही, मागे सरते. हाताला शेंगदाण्याचा वास असला तर बोट खाऊ समजून दात लावून बघते. मग तुमच्या मुलाचा हात, नुकताच कुरकुऱ्याच्या पाकिटातून निघालेला, तिला काय वाटत असेल? आणि तो वरून येतो. रानात वरून येतं ते घुबड.

आज पाळल्या जाणाऱ्या हॅमस्टरच्या घराण्याची नि माणसाच्या हाताची पहिली गाठच वाईट पडली होती. १९३० साली सीरियात अलेप्पोजवळच्या एका शेतात इस्रायल अहारोनी या प्राणीशास्त्रज्ञाने खोल बीळ खणवून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. बंदिस्त केल्यावर त्या आईने स्वतःचंच एक पिल्लू मारलं. आज घराघरांतले सोनेरी हॅमस्टर बहुतेक सगळे त्या वाचलेल्या भावंडांचे वंशज आहेत. माझी बुंदीसुद्धा.

आता ती गणपतीतली गोष्ट. ज्यांना थोडीफार माहीत आहे त्यांना ती "काकांना उंदीर चावला" एवढीच माहीत आहे.

गौरीजेवणाचा दिवस. घर माणसांनी भरलेलं, मी स्वयंपाकघरात पंगतीच्या गडबडीत. पिंजरा आतल्या खोलीत, वर चादर, दाराला कडी. ह्यांचे काका मुलांना घेऊन कडी काढून आत गेले. "बाप्पाचं वाहन दाखवतो" म्हणाले. चादर काढली, झाकण उघडलं, कागदाच्या घरट्यात गाढ झोपलेल्या बुंदीला पाठीला धरून वर उचललं. झोपेतून अशी उचलल्यावर तिने जे करायचं तेच केलं. कडकडून चावली. काकांनी हात झटकला. उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून ती फरशीवर आपटली.

मी आवाज ऐकून धावले. एरवी हॅमस्टर आपल्याला ऐकू येईल असा आवाज क्वचितच काढतो, म्हणून तो चिरका आवाज मला लगेच कळला. खोलीत सगळे काकांचं बोट बघत होते. हळद आणा, डेटॉल आणा. बुंदी कपाटाखाली गेली होती. मी सगळ्यांना बाहेर काढलं, काकांनाही. मोठ्या माणसावर ओरडले, सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर. त्याबद्दल मला पुष्कळ ऐकवलं गेलंय आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मग मी जमिनीवर पालथी झाले आणि आमचा स्टीलचा मग कपाटाच्या फटीशी आडवा ठेवला. रोज रात्री तिला बाहेर काढायचं तर मी हाताने उचलत नसे. हाच मग आडवा धरायचा, ती आपणहून आत शिरली की अलगद उचलायचा. त्या दिवशी किती वेळ गेला माहीत नाही. मग मिशा दिसल्या. मग नाक. ती आली, मागचा डावा पाय फरफटत आली आणि मगात शिरली. हात आत घालून ओढली असती तर तुटलेलं हाड कातडीतून बाहेर आलं असतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. जवळचे दवाखाने एक तर बंद, नाहीतर "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो". शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला ससे-पक्षी बघणाऱ्या एक डॉक्टर सापडल्या. एक्स-रे काढला, नडगीचं हाड मोडलेलं. पट्टी बांधून उपयोग नव्हता, ती कुरतडून टाकते. चाक काढायचं, चढायची वस्तू ठेवायची नाही, लहान डब्यात थोडाच कागदी भुसा घालून पडू द्यायचं, वेदनाशामकाचे थेंब सिरिंजने द्यायचे. शेजारच्या काकूंनी प्रेमाने मुलाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप पुढे केलं, "अर्धा थेंब दे, पू होणार नाही." ते मी घेतलं नाही. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांनी हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि काही दिवसांत जीव जाऊ शकतो. ज्यांच्या घरी हॅमस्टर आहे त्यांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

हाड जुळलं. थोडं वाकडं जुळलं, पण ती चालते, पळते. हातांची भीती मात्र पायाइतक्या लवकर बरी झाली नाही. माझी सावली पडली तरी ती आडोशाला जायची. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तळहातावर चोळलेला टिश्यू तिच्या घरट्याजवळ ठेवायचा, म्हणजे माझा वास तिच्या अंथरुणात राहील. रात्री पिंजऱ्याशेजारी बसून हळू आवाजात काहीबाही बोलायचं. मग उघडा तळवा आत, खाली टेकवलेला, त्यावर भोपळ्याची एक बी. ती बी उचलून गालाच्या पिशवीत कोंबायची आणि पळायची. किती आठवडे नुसतं तेवढंच. एका रात्री तिने पुढचे दोन पाय माझ्या बोटांवर ठेवले, अंगठा हुंगला आणि तिथेच बसून बी सोलली. आता तुम्ही जे बघता आणि "किती गोड" म्हणता, ते हे आहे.

बाकी प्रश्नांची उत्तरं पटकन देते. "एकटी कंटाळत असेल, जोडी आणा." नाही. सोनेरी हॅमस्टर मोठे झाले की एकेकटेच राहतात. एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. दुकानात जोडी विकतात म्हणून ते जोडीने राहतात असं नाही. "एवढ्याशा जिवाला एवढा पिंजरा?" तिला खोल भुसा लागतो म्हणून. स्वित्झर्लंडमधल्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच तपासलं होतं: काही हॅमस्टरना १० सेंटिमीटर खोल भुसा दिला, काहींना ४०, काहींना ८०. ज्यांना १० होता ते जास्त गज कुरतडत राहिले, खोल भुसा मिळालेल्यांनी बिळं केली. तुमच्याकडचा हॅमस्टर पिंटू गजांशी "खेळतो" म्हणता ना, ते खेळणं नाही. आणि उन्हाळ्यात एसी नाही लावत मी दिवसभर. पिंजरा सर्वांत थंड खोलीत आणि आत शहाबादी फरशीचा तुकडा. पारा चढला की ती त्यावर पोट टेकून पसरते. अंघोळ पाण्याने नाही, वाळूने. पार्ले-जी नाही. बाजरी, ओट्स, काकडी, कधीतरी उकडलेल्या अंड्याचा कण.

ह्यांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते सांगायला हवं. ते म्हणतात, तू तिला फक्त तुझीच केलीस. तू चार दिवस गावाला गेलीस तर तिला दुसऱ्याचा हात नको का ओळखीचा? पहिल्या वर्षी मी स्वतः हेच म्हणायचे, की लहानपणापासून दहा हातांची सवय लावली की कुणाकडेही जाईल. तेव्हा मला ते पटत होतं. आता पटत नाही, आणि ह्यांचा मुद्दा खोडताही येत नाही. एखाद्या रात्री तिला माझ्या हातावर यावंसं वाटतं की बी हवी असते म्हणून ती हात चालवून घेते, हेसुद्धा मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्या मुलाची तिला थोडी ओळख झालीय. ह्यांना ती अजून हुंगून परत जाते.

तेव्हा मुलांना जरूर आणा. रात्री नऊनंतर आणा, तेव्हा ती आपणहून उठते. हात बिनवासाच्या साबणाने धुऊन, जमिनीवर मांडी घालून बसायचं, तळवा खाली टेकवून ठेवायचा, वर एक बी. ती आली तर आली. नाही आली तर बघायचं आणि घरी जायचं. उचलून हातात मी देणार नाही, वाढदिवस असला तरी नाही. काकांना हे फोनवर सांगितलंय. यंदा ते गौरीला येणार की नाही, अजून कळवलेलं नाही.