अण्णांचा डिस्चार्ज

"मॅडम, माझा डिस्चार्ज झाला न्हाई म्हणून लिवलंय. पण केस तर सरकारनंच मागं घेतलीती की."

अण्णा दारातूनच बोलले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला दोन वेढ्यांचं रबर आणि आत घडी घातलेलं एक पत्र. मागे बारावीतला नातू, ज्याला आज कॉलेज बुडवावं लागलं होतं आणि त्याचं त्याला काही वाईट वाटत नव्हतं. शिरोळ तालुक्यातून पहाटेच्या एसटीने निघाले होते दोघं. चहा घ्या म्हटलं तर अण्णा म्हणाले, आधी कागद बघा.

मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीपासून चालत पाच मिनिटांवर माझी खोली आहे. ऑगस्ट 2025 पासून त्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आणि तेव्हापासून माझ्याकडे मराठी जबाब, फेरफार, पंचनामे यांचे गठ्ठे येतात. खालच्या कोर्टातले कागद वर न्यायचे तर इंग्रजीत लागतात ना. उलट दिशेचं काम, म्हणजे आलेला इंग्रजी कागद मराठीत सांगणं, यात पैसे नाहीत. तरी माणसं येतात. त्यांना मी वकील वाटते. नाही म्हटलं तरी ती खुर्चीत बसतात.

पत्र एका बँकेचं होतं. अण्णांनी पाइपलाइनसाठी घेतलेलं कर्ज मागच्याच वर्षी फिटलं होतं. पत्रात मोजून पाच वाक्यं. शेतकऱ्याला इंग्रजीत पत्र का पाठवावं, हा प्रश्न मी आता विचारत नाही, पण हे इंग्रजीही असं की बी.ए. झालेल्याने दोनदा वाचावं. मधली दोन वाक्यं एकमेकांत अडकलेली: द सेड चार्ज हॅज नॉट बीन डिस्चार्ज्ड ॲज सर्टन चार्जेस रिमेन अनपेड.

नातवाने आदल्या रात्री मोबाइलवर फोटो काढून त्याचं भाषांतर करून दाखवलं होतं. स्क्रीनवर आलं, 'तुमच्या मालमत्तेवरील आरोप अद्याप मुक्त करण्यात आलेला नाही.'

"जमिनीवर आरोप ठेवलाय म्हणतोय ह्यो," अण्णा म्हणाले. "आता जमिनीनं काय केलं?"

"मी म्हटलेलं, चार्ज म्हणजे प्रभार," नातू पुटपुटला. "धन आणि ऋण. फिजिक्सला आहे आम्हाला."

"ऋण तर हायच की आपल्याकडं."

मला हसू आलं, पण अण्णांना नाही. डोळे तारवटलेले होते. रात्रभर झोप नव्हती आणि घरी आजींनी काल संध्याकाळपासून पाणी सोडून काही घेतलं नव्हतं.

हळूहळू उलगडलं ते असं. काही वर्षांपूर्वी ऊसदराच्या आंदोलनात अण्णा रस्त्यावर बसले होते. लाठीचार्ज झाला, डाव्या मनगटाला लागलं. तीन दिवस दवाखान्यात, चौथ्या दिवशी डिस्चार्ज. मग पोलिसांची चार्जशीट आली. वकिलांनी सांगितलं, डिस्चार्जचा अर्ज टाकू, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मोकळं करा असा. अण्णांना वाटलं, आपण तर घरी आलोय, आता कसला डिस्चार्ज? तो अर्ज नामंजूर झाला. "डिस्चार्ज मिळाला नाही," असं वकिलांनी कोर्टाच्या पायरीवर सांगितलं आणि पुढच्या तारखेला चार्ज फ्रेम झाला, म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केला. मग कित्येक तारखा. ऐन गळीत हंगामात ऊस तोडायचा सोडून अण्णा कोर्टाच्या व्हरांड्यात. शेवटी सरकारने आंदोलनातले खटले मागे घेतले तेव्हा सुटले.

म्हणजे या माणसाने चार्ज हा शब्द आधी मनगटावर खाल्ला, मग दवाखान्यात ऐकला, मग कोर्टात दोनदा. आणि आता लेटरहेडवर तोच शब्द पुन्हा आलेला, सोबत 'नॉट डिस्चार्ज्ड'. रात्रभर झोप न येणं अगदी बरोबर होतं. शब्द त्यांना कळला नव्हता असं नाही, नको तितका कळला होता.

त्यांना दोष द्यायला मी कोण! पहिल्या वर्षी माझ्याकडे एका जमिनीच्या वादात जुनी, इंग्रजी अमदानीतली फाइल आली होती. त्यात एका गोदामाच्या मॅनेजरने चोर पकडला आणि 'गेव्ह हिम इन चार्ज' असं लिहिलेलं. मी सरळ लिहून मोकळी झाले: 'व्यवस्थापकाने सदर इसमाकडे कार्यभार सोपविला.' मूळ अर्थ होता, पोलिसांच्या ताब्यात दिलं. ज्येष्ठ वकिलांनी ते वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "चोराला मॅनेजर केलंस की गं." अजून कुठे भेटले की विचारतात, काय, नवीन नेमणूक कोणाची?

तर मी पेन्सिल घेतली. पत्रात जिथे जिथे चार्ज आहे तिथे खूण करून वर आकडा टाकला. पाच वाक्यं, पाच चार्ज. खुर्ची त्यांच्या बाजूला ओढली आणि आकड्यावर बोट ठेवत सांगायला लागले.

एक. सही करणाऱ्या साहेबांनी नुकताच शाखेचा चार्ज घेतलाय. म्हणजे नवीन मॅनेजर आलेत, पदभार स्वीकारला. याच्याशी आपला संबंध नाही. दोन. तुमच्या गट नंबरावर बँकेचा चार्ज आहे. इथे थांबा, परत येते. तीन. तो अजून डिस्चार्ज झालेला नाही. चार. कारण काही चार्जेस भरायचे राहिलेत: एक हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, मिळून 1,180. पाच. ते भरलेत की कर्ज फिटल्याचा दाखला 'फ्री ऑफ चार्ज' मिळेल.

"म्हंजे अकराशे ऐंशी घ्यायचं," अण्णा म्हणाले, "आणि कागद फुकट द्यायचा."

पहिल्यांदा हसले ते तेव्हा. पण नजर दोनच्या आकड्यावरच होती. जमिनीवर चार्ज म्हणजे काय, ते राहिलंच होतं.

कायद्यात याला व्याख्या आहे. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 100. गहाणात मिळकतीतला काही हक्क कर्ज देणाऱ्याकडे जातो. चार्जमध्ये तो जात नाही, मिळकत फक्त त्या देण्यासाठी अडकून राहते. मी हे सोपं करून सांगायला लागले आणि सोपं करता करता आणखी अवघड करून ठेवलं. तारण म्हटलं, प्रभार म्हटलं, नातवाने मान हलवली कारण प्रभार त्याच्या ओळखीचा. शेवटी वैतागून म्हटलं, "अण्णा, सातबाऱ्यावर उजव्या बाजूला, इतर अधिकारात, सोसायटीचा इकरार लिहिलेला असतो ना? तसंच हे."

"बोजा व्हय!" अण्णा जवळजवळ ओरडलेच. "मग बोजा म्हणा की सरळ!"

त्यानंतर मला काही सांगावंच लागलं नाही. त्यांनीच नातवाला सांगितलं. बोजा चढतो कसा, फेरफार कसा पडतो, कर्ज फेडलं तरी तो आपोआप उतरत नाही, बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जावं लागतं. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण अण्णांच्या गावात ते कुणी म्हणत नाही.) शेजारच्या एकाचा बोजा असाच राहून गेला आणि पुढे भावाभावांच्या वाटणीच्या वेळी किती घोळ झाला, तेही सांगितलं. कलम 100वर मला कुणी याहून चांगलं व्याख्यान दिलेलं नाही.

रात्री घरी आल्यावर मी व्युत्पत्तीचा कोश काढला. बोजा हा नुसता चालवून घेतलेला मराठी शब्द असेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं. निघालं उलटंच. लॅटिनमध्ये कारुस म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यात माल भरणं, लादणं असं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत चार्ज म्हणून आलं. कार, कॅरी, कार्गो ही सगळी त्याच घरची भावंडं. चार्जचा पहिला अर्थ ओझं. बाकीचे त्यावर लादत गेलेले: माणसावर जबाबदारीचं ओझं, आरोपीवर दोषाचं ओझं, गिऱ्हाईकावर पैशाचं ओझं, बंदुकीत दारूचं. आणि अठराव्या शतकात विजेचे प्रयोग सुरू झाल्यावर विजेचंही. मोबाइल चार्ज करणं म्हणजे बैलगाडी भरणं, हे नातवाला सांगायला हवं होतं. डिस्चार्ज म्हणजे ओझं उतरवणं, मग ते दवाखान्याच्या खाटेवरून असो, आरोपीच्या पिंजऱ्यातून, नाहीतर सातबाऱ्यावरून. फक्त लाठीचार्ज कुठे बसवायचा यावर मी थोडा वेळ अडले. चालून जाणं हा अर्थ त्या भाषेत नंतर आलेला आहे. अण्णांच्या मनगटापुरतं म्हणायचं तर ओझं तिथेही होतंच.

आणि आपल्या परिभाषा करणाऱ्यांनीही हेच केलंय, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पदभार, कार्यभार, प्रभारी अधिकारी, वीजबिलातला अधिभार, फिजिक्समधला प्रभार. सगळीकडे भार. एक दोषारोप तेवढा वेगळ्या वाटेने गेला. हे शब्द मी रोज पन्नास वेळा टाइप करते आणि त्यांना सरकारी, कोरडे म्हणून नावं ठेवते. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा जाऊन नवा आला, डिस्चार्जची कलमं 227 आणि 239 होती ती 250 आणि 262 झाली, मी सगळे नमुने बदलले, आकडे पाठ केले. शब्दाकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

पण हे सगळं रात्रीचं. दुपारी अण्णा निघायला उठले आणि पुन्हा बसले.

"घरी सांगायला पायजे," म्हणाले. "म्हातारी माझ्यावर इस्वास ठेवायची न्हाई. तवाबी म्या काय न्हाई म्हणूनच सांगिटलं व्हतं. लिवून द्या. मराठीत, मोठ्या अक्षरात."

पत्राच्याच मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'जमिनीवरचा बँकेचा बोजा अजून उतरलेला नाही. कर्ज पूर्ण फिटलेले आहे. 1,180 रुपये भरून दाखला घ्यायचा आणि तलाठ्याकडे द्यायचा.'

अण्णांनी कागद लांब धरून एकेक शब्द वाचला. ओठ हलत होते. नातवाला वाचायला लावलं, पुन्हा स्वतः वाचलं.

"खाली लिवा, पोलिसांचा काय संबंध न्हाई."

लिहिलं.

"सही करा."

बँकेच्या पत्रावर मी कोण सही करणार? पण केली.

"शिक्का?"

माझ्या शिक्क्यावर मजकूर आहे, 'मूळ कागदावरून खरे भाषांतर'. तो 'पोलिसांचा काय संबंध नाही' या ओळीखाली उमटवला, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि अण्णांनी पत्राची घडी न घालता ते तसंच सपाट, नातवाच्या वहीत ठेवलं.